समुद्र तयार ठेव

चिरंजीव जगनिर्मात्यास,

तू बनवलेला खेळ मी खेळतेय. जाहिरातीत समुद्र दाखवून म्हणालास, "या जगात हवं ते करा!" आणि आठवडाभर मी नुसती लाकडं तोडतेय, पाणी भरतेय, चूल पेटवतेय. उजाडलं की पुन्हा तेच. फसवलं म्हणून लोक तुला शिव्या घालतायत आणि तू खोलीचं दार लावून बसलायस. अरे, या घरात मी जन्मभर हेच केलं, तेव्हा कुणी ब्र काढला नाही!

हे पत्र दाराखालून सरकवणार नाही, खेळातल्या चुलीपाशीच ठेवतेय; कामाला बसलास की सापडेल. हातात दिलं तर तू लगेच माफी मागशील, आणि मला माफी नकोय. जाहिरातीतला समुद्र हवाय. खेळातली चूल विझवून मी निघालेय. समुद्र अजून केला नसशील, तर मी पोचेपर्यंत कर.

आज इकडचाही गॅस न पेटवणारी,
तुझी आई