कोरकू आणि पांढरा रस्सा

कोल्हापूर, सोमवार

ती. उदयसिंहमामा यांस,

तेजस्वीचा वाकून नमस्कार. (वाकणं नमस्कारापुरतंच, हे सुरुवातीलाच सांगते.) कंबर कशी आहे? लेप लावता ना, की मला सल्ले देण्यातच दिवस जातो?

तुमचा निरोप पोचला. कोडोलीचं स्थळ चांगलं आहे, आणि "ते कोरकू-बिरकू बास कर, आपली मराठी काय मेली हाय व्हय?" मेली नाही मामा, ठणठणीत आहे, तिच्याकडे बघायला तुम्ही पुरेसे आहात. मेळघाटातली कोरकू ना मराठीची बहीण, ना कानडीची. तिचं घराणं मुंडा, भावंडं पार झारखंड-ओडिशात. एवढ्या लांबची नाती अभ्यासक ओळखतात, आणि तुम्ही नेसरीत बांधाला बांध असलेल्या चुलतभावाला ओळख देत नाही!

आता कालची फजिती, आईनं तिखटमीठ लावायच्या आत. माझ्या कोरकूच्या संशोधनाच्या मार्गदर्शक मॅडमना शब्दांच्या याद्या नकोत. माणसं आपसात बोलतात तसं अर्धा तास बोलणं या महिन्यात रेकॉर्ड झालं नाही, तर विषय बदला म्हणाल्या. (विषय बदलला की तुम्ही मांडव घालणार, हे मी जाणून आहे.) म्हणून मेळघाटातून उचगावच्या वीटभट्टीवर कामाला आलेल्या फुलवंतीबाई कासदेकर आणि त्यांच्या जाऊबाईंना राजी करून घरी आणलं. रेकॉर्डर लावला. दोघी भिंतीला टेकून गप्प. फार विनवलं तर एखादा शब्द, तोही मराठीत. लोक हसतात म्हणून भट्टीवरही मोठ्यानं बोलत नाही, म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

तेवढ्यात तुमच्या आक्कानं ताटं वाढली. ताटावर बसलं की फोन नाही, यंत्र नाही, हा नियम तुम्हीच आमच्या घरात घातलेला. मी इमानदारीत रेकॉर्डर बंद करून कपाटात ठेवला. आणि मामा, पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी पोटात जाताच दोघी सुटल्या! कोरकूत भांडल्या काय, खिदळल्या काय. आई "घ्या की पावणं, लाजताय काय" करत वाढतेय, आणि मी घास तोंडात धरून कपाटाकडे बघतेय. हात धुऊन रेकॉर्डर बाहेर काढला, तर दोघी पुन्हा गप्प.

हसा खुशाल, मॅडमही हसल्या. पण विषय सोडणार नाही. जेवताना इतकी मोकळी होणारी भाषा कुणाच्या हसण्याला भिऊन गप्प बसू नये, एवढंच मला कळतं.

तुमचीच हट्टी भाची,
तेजस्वी

ता. क. : रविवारी दोघी पुन्हा येणार आहेत. रेकॉर्डर ताटाशेजारी चालेल म्हणाल्या. अडलंय आईपाशी. "भावानं घातलेला नियम भावानंच मोडावा," म्हणते. तेव्हा मामा, कृपा करून या, नियम मोडा आणि येताना मटण आणा.

पुन्हा ता. क. : कोडोलीकरांनाही आणा. फुलवंतीबाई बोलत असताना जो मुलगा अर्धा तास मध्ये तोंड न घालता जेवेल, त्याचा विचार करीन. तुम्हालाही तीच अट आहे.