हाक ऐकू येईल एवढा आवाज

नंदनवन, नागपूर
२४ ऑगस्ट २०२५

ती. जिजाताईस,
रुपरावचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस की बाटली नुसती खिडकीत ठेवली आहेस, हे तुझ्या सुनेला, दामिनीला विचारून कळवणार आहे. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या नंदनवनाला ऐकवावं लागतं आणि तुला तरीही काही कळत नाही. त्यापेक्षा ही पत्रंच बरी.

काल तान्हा पोळा झाला. कॉलनीतली पोरं लाकडी बैल सजवून दारात आली. त्यांना बोजाऱ्याचा खाऊ आणि पैसे द्यायचं काम तुझ्या भावजयीचं, कामिनीचं. माझ्या ध्यानातच नव्हतं. शेवटी देवघरातली खडीसाखर वाटली. पोरं गेल्यावर बराच वेळ दार उघडं ठेवूनच बसलो होतो.

आता मुख्य गोष्ट, आणि हसू नकोस. मी स्पीकरची दुसरी जोडी घेतो आहे. पहिली आहेच, कपाटाएवढी. कामिनी त्यांना हत्ती म्हणायची आणि दसऱ्याला त्यांनाही हळदकुंकू लावायची. त्यांच्यावर तबल्याचा डग्गा थेट छातीत वाजतो, मला तेच आवडतं. पण ती दर दिवाळीला म्हणायची, अवो, दुसऱ्या आवाजाचे घ्या नं एखादे. मी म्हणायचो, घेऊ. ते घेऊ राहूनच गेलं.

तिचं वर्षश्राद्ध माघात झालं. आता पितृपक्षात तिची पहिली अविधवा नवमी. श्वेता सासरहून येऊन स्वयंपाक करेल, तिच्या आईच्या नावाने सवाष्ण जेवेल. पाटोडीरस्सा कामिनीला आवडायचा, हे ठाऊक आहे. त्या दिवशी घरात तिच्या आवडीचा आवाजही असावा, असं फार वाटतं. आयुष्यभर तिने माझ्याच आवडीचं ऐकलं.

परवा बर्डीवर स्पीकरच्या दुकानात गेलो होतो. दुकानवाला उन्मेष म्हणाला, काकूंच्या आवडीचं एखादं गाणं सांगा, त्याच्यावरच पारखू. ताई, मला एकही सांगता आलं नाही. एवढा संसार केला आणि बायकोचं एक गाणं माहीत नाही!

ती तुझ्याकडे महिना महिना राहायची. तिला कसा आवाज हवा होता, ते तुझ्याजवळ कधी बोलली असेल तर नवमीच्या आत कळव.

तुझी माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
रुपराव

रामटेक
३ सप्टेंबर २०२५

चि. रुपरावास,
जिजाताईचे अनेक उ. आ.

काल महालक्ष्म्या उठल्या, म्हणून उत्तराला उशीर. तेल लावते, बाटलीची चौकशी बंद कर. आणि काय गा, पितृपक्षात कोणी नवी वस्तू घरात आणतं का? घ्यायचे तर त्याच्या आधी घे.

गाण्याचं विचारलंस, तेही बहिऱ्या बाईला! कामिनी गुणगुणत असेलही, माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं. पण आवाजाचं मात्र ती बोलली होती. तुला लिहावं की नाही, म्हणून कागद तसाच ठेवला होता. शेवटी म्हटलं, विचारलंच आहे तर सांगावं.

शेवटच्या खेपेला आली तेव्हा ओट्यावर बसलो होतो. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, बाई, मले गाण्याबिण्याचं काही नाही, म्या सैपाकघरातून हाक मारली तं त्याइले ऐकू यावं, एवढाच आवाज पाहिजे. ते हत्ती सुरू असले की तू ओ देत नसायचास. मग ती हात पुसत यायची आणि गाणं संपेपर्यंत दारात उभी राहायची. तुझे डोळे मिटलेले. कधी कधी काय सांगायला आली होती तेच विसरायची आणि परत जायची. हे सगळं तिने हसत सांगितलं. मलाच राग आला. मी म्हटलं, फोडून टाक ते हत्ती. तर म्हणे, नाही जी बाई, त्याइचा जीव आहे त्याच्यात.

मला ऐकू येत नाही, तरी तिने ते माझ्या कानात सांगितलं. तुझे कान तर चांगले होते, रुपराव.

रागावलास तरी चालेल, जेवण सोडू नकोस. आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला त्यात थोडा राग आहे.

तुझी,
जिजाताई

नंदनवन, नागपूर
१६ सप्टेंबर २०२५

ती. जिजाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यावर कसला रागावतो! पत्र वाचलं त्या दिवशी घरात काहीच लावलं नाही.

मग श्वेताला बोलावलं आणि बर्डीवर गेलो. उन्मेषला म्हटलं, गाणं कोणतंही लाव. श्वेताला बाहेर जिन्यात उभं केलं आणि सांगितलं, आईसारखी हाक मार. ती तयार होईना. लोक पाहून राहिले नं बाबा, म्हणाली. उन्मेष एकेक जोडी बदलत कुठला आवाज कसा खुलतो ते समजावत होता, मी जिन्याकडे कान लावून बसलो होतो. शेवटी त्याला खरं कारण सांगितलं. तो बिचकतच म्हणाला, काका, एवढ्यासाठी नवे कशाले, जुन्याचाच आवाज कमी केला असता तं झालं असतं.

खरंच आहे ते. एक बटण फिरवायचं होतं, ताई. तेवढंही मी केलं नाही. तरी घेतो म्हटलं, कारण तिने दुसरे मागितले होते.

एक लहानशी जोडी लावली. आवाज साधा, बारीक, डग्गा जवळजवळ नाहीच. तेवढ्यात श्वेताने जिन्यातून हाक मारली, अवो, आइकून राहिले का. हुबेहूब तिची. माझ्या तोंडून ओ निघून गेला, भर दुकानात. श्वेता आत आली ती रडतच. तीच जोडी घेतली.

काल नवमी झाली. शेजारची मिनल सवाष्ण म्हणून जेवली. नवे स्पीकर दिवसभर सुरू होते. संध्याकाळी श्वेताही गेली. मी एकटा बसलो, गाणं हळू सुरूच ठेवलं. आता सैपाकघरातलं सगळं ऐकू येतं. फ्रीज ऐकू येतो, नळ ऐकू येतो, वाऱ्याने हललेलं झाकणसुद्धा. डोळे उघडे ठेवून बसतो. हाक मारणारं कोणी नाही.

जास्त काय लिहू. लोभ ठेव.

तुझा,
रुपराव

रामटेक
२० सप्टेंबर २०२५

चि. रुपरावास,
अनेक उ. आ.

तुझं पत्र दामिनीला वाचायला दिलं नाही. मीच दोनदा वाचलं.

असं कर, दसऱ्याआधी इकडे निघून ये. धान निसवतो आहे, लोंब्या दिसू लागल्या, घर मोठं आहे, तुझी खोली झाडून ठेवली आहे. ते गाण्याचे नवे डबे तिथेच राहू दे.

मला ऐकू येत नाही, पण हाक मारता येते. पाणी तापलं म्हणून मारीन, ताट वाढलं म्हणून मारीन, उगीचही मारीन. तू ओ दिलास तरी मला कळायचं नाही. तेव्हा उठायचं, आणि कामिनी राहायची तसं माझ्यापुढे दारात येऊन उभं राहायचं.

वाट पाहते आहे.

तुझी,
जिजाताई