काट्यानं खाल्लेली बॅटरी

आबा, आज माझ्या नातवानं दारावरच्या घंटेचं बटन इतक्यांदा दाबलं की शेवटी घंटेनं मान टाकली. "चालू आहे का बघत होतो," म्हणाला. मला हसूच फुटलं. कुळाचा गुण, दुसरं काय!

महाराजांच्या अमदानीत कोल्हापुरात नाटकांना बहर होता तेव्हाची गोष्ट. तुमचा उजवा खांदा निकामी झाला होता, तांब्याच्या घागरी ठोकणं संपलं होतं, आणि तारखात्यातल्या एका माणसाकडून शिकून घेतलेल्या विजेच्या घंटांवर घर चालायचं होतं. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, लेक तान्ही. नाटकगृहाचे मालक आपल्या दारात उभे राहून गरजतात, "मिस्त्री, ऐन खेळाला घंटा मुकी झाली तर लोक मला फाडून खातील. एकदा भरलेली बॅटरी किती चालंल ते छातीवर हात ठिवून सांगा, न्हायतर आपला पितळंचा टोल बरा." तुम्ही म्हणालात, "मोजून सांगतो की!" बोलून बसलात खरे, पण त्या मोजण्यावर आपली चूल टांगलेली होती, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग सोप्यात काचेची बरणी आली. नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी, वर तारा. नाटकाच्या दिवशी वाजते तशीच घंटा वाजवायची, आणि बॅटरीत जोर किती उरला ते दाखवणारं काट्याचं यंत्र मात्र तुम्ही रात्रंदिवस जोडून ठेवलेलं. काटा रोज थोडा खाली, तुमचं तोंड त्याहून खाली. दसऱ्याला भरलेली बरणी दिवाळीच्या फराळापर्यंतही पुरली नाही. दुसऱ्या खेपेला, काटाच जोर खातोय असा संशय येऊन यंत्र काढलंत, पण धीर कुठला? येताजाता बटन दाबायचं. गल्लीतली माणसं पान चघळत यायची आणि "जित्ती हाय न्हवं?" म्हणत दाबून जायची. घंटा वाजली की माझी लेक दचकून टाहो फोडायची. तिच्या रडण्यावरून शेजाऱ्यांना कळायचं, मिस्त्रींची बॅटरी ठणठणीत आहे. तीही बॅटरी वेळेआधीच गेली, आणि तुम्ही हातोडा काढून उगीच पुसत बसलात. तेव्हा मला तुमची फार कीव आली होती, आबा.

त्या रविवारी पाहुणे जेवायला होते. आई हातात पळी घेऊन चुलीपासून उठून बाहेर आली. "तिखट बरूबर हाय का म्हणून चाखून चाखून मी निम्मा रस्सा संपिवला असता, तर ह्या पावण्यांस्नी काय वाढलं असतं? तुमचं त्येच चाललंय. आवो, बघून बघूनच संपिवलीसा की बॅटरी!" तुमचा घास हातातच राहिला. मग एवढ्या मोठ्यांदा हसलात की लेक परत जागी झाली.

तिसरी बरणी संक्रांतीला भरलीत. बटनावर नारळाची करवंटी बांधलीत, नाटकाच्या दिवशी तीन घंटा आणि पुढं हात लावायचा नाही. मधूनमधून जस्ताची कांडी तेवढी बाहेर काढून पुसायची, तिच्याभोवती दोरा गुंडाळायचा आणि ती किती झिजली ते दोऱ्यावर बघायचं. दोरा बॅटरीतलं काही खात नाही. सासरचं बोलावणं मी दोनदा परतवलं, मला निकाल बघायचा होता. लेक रांगायला लागली, वैशाखातली आखिती आली, तरी घंटा खणखणीत. तुम्ही मालकांना सांगितलंत, "संक्रांतीला भरा, आखितीपतोर बघू नका. पर बटनाला फुकट हात कुणी लावायचा न्हाय." "मीबी?" "तुमी तर आजाबात न्हाय!" काम मिळालं, आणि हातोडा माळ्यावर गेला तो गेलाच.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात आम्ही सगळे घडोघडी तुम्हाला हलवून विचारत होतो, "आबा, बरं वाटतंय?" तुम्ही एक डोळा उघडलात. "काटा काढा गं त्यो. त्येनंच संपायचो मी." आम्ही हसता हसता रडलो.

हे पत्र टाकू कुठं? कपाटात घडी करून ठेवते. एवढंच सांगायचं राहिलंय की त्यानंतर मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही, पण बघायचं सोडलं नाही. तुमचा डोळा लागला की पायाशी बसून चादरीची किनार वरखाली होताना बघत राहायची. तेवढ्यानं तुमचं काही खर्च होत नव्हतं ना, आबा?