शुक्रवारची गोळी

३ नोव्हेंबर, सोमवार
माझा गुडघा — तसाच. शेजारची जाहिदा — ताप उतरला, आज लूमच्या सुताच्या कांड्या भरायला आली. सूनबाई मनिषा — बरी. तिचा नवरा, माझ्या बहिणीचा मुलगा हितेश — काय लिहू! मागे ताप, अंगावर पुरळ. आज रक्ताचा कागद आला. एचआयव्ही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लागण ताजी आहे, आजच सुरू करा. एका गोळीत तीन औषधं, रोज एक. आणि बायकोचं रक्तही आणा."
हा म्हणतो, "मावशी, मी तर धडधाकट हाय. आत्ताच कशाला?"
म्हटलं, "लूमवर धागा तुटला की तिथंच गाठ मारतोस ना? का दहा हात कापड होऊ देतोस?"
घेतली पहिली. पण अट — मनिषाला न्हाय सांगायचं! बाटली माझ्या कांड्यांच्या पेटीत.

५ नोव्हेंबर
नेम मीच लावून दिला — ड्युटी सुटली की माझ्या दारात. तांब्या भरलेला. मनिषा हसते, "मावशीकडं रोज काय खाऊ मिळतो यांना?" मी कांडी भरत राहिले. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. हे मेलं मुंगीच्या पावलानं आलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
गोळ्या मोजल्या. तिसातल्या दहा उरायला हव्या — तेरा! हितेशला धरला.
"तूच म्हणालीस ना, ड्युटी सुटली की! शुक्रवारी लूम बंद, ड्युटीच नव्हती. तू पण दर शुक्रवारी वडप्याला मामाकडं."
तीन शुक्रवार! हसू का रडू? चूक माझीच. मग हळूच म्हणतो, "दिवसभर मनिषा समोर असते गं. काय सांगून उठू?"
"रोगाला शुक्रवारची सुट्टी न्हाय रे! अन् तिच्या रक्ताचं काय? तिला कळायला नको?"
गोळी गिळली, दार आपटून गेला.

२४ नोव्हेंबर
आला. घेतली. उभ्याउभ्याच गेला.

२७ नोव्हेंबर
उद्या शुक्रवार. वडप्याला जात नाही. भाकरी गोड लागेना. मीच सांगू का तिला? नको — गुपित त्याचं. पण जीव तिचा!

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
लूम बंद. गल्ली गपगार. सकाळपासून तांब्या भरून बसले. दार वाजलं — मनिषा! डोळे सुजलेले.
"मावशी, रात्री यांनी सगळं सांगितलं. ती बाटली द्या. आता आमच्या फळीवर राहील."
उंबऱ्यात थांबली. "उद्या माझं रक्त द्यायचंय. याल संगती?"
हिरवा, माझ्या कुळाच्या देवा, तिच्या कागदावर चांगलं ते लिही — अन् लवकर धाड.