वायपरचं रबर उन्हात मरतं

उस्ताद, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही मला गाडी शिकवलीत तेव्हा मी जाफराबादच्या शाळेत नवीन लागले होते आणि दर रविवारी एसटीनं जालन्याला यायची. नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्यावर, तुमची शिकवणीची गाडी उभी असायची. एका रविवारी काचेवर धूळ होती म्हणून मी कोरड्या काचेवरच वायपर फिरवला. तुम्ही किल्ली काढून घेतलीत. "बाई, खाली उतरा पैले." भर रस्त्यात मला रबराच्या धारेवर बोट फिरवायला लावलंत. "कडक लागतंय ना? चिरा हायेत ना? हे पावसानं न्हाई, उन्हानं मरतंय. आन् मेल्याचं पावसातच कळतंय. काचेवर रेघा राह्यल्या, करकर आवाज आला, की बदलून टाकायचं. मंग वाट बघायची न्हाई, बिलकुल." मग ती पट्टी काढायची कशी, बसवायची कशी, तेही दाखवलंत. येणारे जाणारे बघत होते. मला लाज वाटत होती, रागही आला होता.

गेल्या वर्षी परतीच्या पावसात आठवडाभर माझ्या गाडीच्या काचेवर रेघा उमटत होत्या. तुमचं बोलणं आठवलंसुद्धा. रविवारी जालन्याला जायचंच आहे, तेव्हा बदलू, असं ठरवलं. गुरुवारी दुपारी मेथी निवडता निवडता आईच्या हातातून जुडी गळाली आणि तिचं तोंड वाकडं झालं. इथल्या दवाखान्यात म्हणाले, "जालन्याला न्या, जल्दी. अॅम्ब्युलन्सला वेळ लागेल." मी तिला शेजारी बसवलं, पट्टा लावला आणि निघाले.

केदारखेडा मागे पडतं आणि पाऊस कोसळतो. माझ्या बाजूचं रबर अर्ध्यातून सुटून लोंबायला लागतं, खालचं लोखंड काच खरवडतं. समोर नुसतं पांढरं पाणी. खिडकीतून डोकं बाहेर काढून थोडं पुढे जाते, तर ट्रकचा भोंगा अगदी जवळ येतो, ट्रक मात्र दिसत नाही. गाडी कडेला घेते. उतरून हात करते. दोन गाड्या न थांबता जातात. त्यांना तरी मी कुठे दिसणार? ओढणीनं काच पुसते, आत बसेपर्यंत पुन्हा तेच. डावीकडची पट्टी काढून उजवीकडे लावावी, हे सुचतं. पण ती निघते कशी? तुम्ही दाखवत होतात तेव्हा मी लोकांकडे बघत होते. ओढते, पिळते, बोट कापून घेते. आत आई चांगल्या हातानं माझं मनगट धरते. तिला पाणी पाजते, ते गालावरून खाली येतं. "आई, पाच मिनिटं. थांबतोच आहे बघ पाऊस." अशी पाच पाच मिनिटं करत पाऊण तास गेला.

जालन्यात डॉक्टरांनी विचारलं, "इतका वेळ कुठे लागला?" मी म्हणाले, "पाऊस फार होता." त्यांनी मान हलवली. त्या पाऊण तासानं फरक पडला असता का, हे मी नंतर दोनदा विचारलं. नक्की सांगता येत नाही, म्हणाले. तेच सोसत नाही, उस्ताद. दोष पक्का असता तर कवटाळून बसले असते. पाऊस नव्हता, रबर होतं, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, आणि हे कागद पाठवायला पत्ता नाही.

आईचा उजवा हात गेला तो गेलाच. आता ती तुटक तुटक बोलते. दारातल्या गाडीकडे बघून म्हणते, "जरा... फिरव." मी सांगते, बॅटरी उतरली आहे. तिला ते पटतं. शाळेला मी सवारीच्या जीपनं जाते. सुट्टीच्या दिवशी दुपारी आई झोपली की बाहेर जाऊन किल्ली फिरवते. गाडी एका झटक्यात सुरू होते. मी ती बंद करते आणि आत येते.