गाभ्यातलं पान

३ मार्च
आलो एकदाचा. घर ऐसपैस, विहिरीला पाणी, आणि मालकीणबाई मेक्सिको शहरात, म्हणजे डोक्यावर कुणी नाही. काम एकच, अंगणातल्या घायपाताची निगा राखायची. झाड माझ्याहून उंच, घराहून जुनं, अजून फुललेलं नाही. एकदा फुललं की मरतं. म्हणून फुलाचा दांडा यायची चिन्हं दिसली की गाभा कापायचा, असं बाईंनी बजावलंय. शेजारच्या निकानोराबाई मक्याच्या गरम भाकऱ्या, तोर्तिया, घेऊन आल्या. पानांच्या टोकदार काट्यांवर अंड्यांची टरफलं खोचून गेल्या. दृष्ट लागू नये म्हणून इथे सगळेच खोचतात. एकट्या पुरुषाच्या घरी टरफलं तरी कुठून निघणार, असा टोमणाही मारलाच.

१७ मार्च
गावची माणसं या पानांवर काट्याने नावं कोरतात. व्रण पानाबरोबर वाढत जातो. मी माझ्या बायकोचं, एल्विराचं कोरलं. ती वारल्यापासून तिचं नाव घेण्याजोगं कुणी भेटलंच नव्हतं. उन्हापावसाने झिजू नये म्हणून शिडी लावून अगदी गाभ्यातल्या पानावर कोरलं. ऐकून निकानोराबाईंचा चेहरा उतरला. नावं बाहेरच्या पानांवर कोरायची असतात म्हणाल्या, गाभ्यात जे द्याल ते झाड परत देत नाही.

२ जून
पुढचं पान उलगडलं. त्यावर तिचं नाव, उलटं. यात नवल नाही. आत पानं घट्ट बिलगून असतात, एकाचा ठसा दुसऱ्यावर उमटतोच. तरी फार बरं वाटलं. कॉफी घेऊन तिथेच बसलो. थोडं बोललोही.

२१ ऑगस्ट
आणखी एक पान. नाव नाही, हाताचा पंजा. करंगळी वाकडी. एल्विराची पाट्यावर चेचली होती, तशीच. निकानोराबाई कोयता घेऊन आल्या.
"फेर्मीनभाऊ, ती तुमची बायको नव्हे. ऐका माझं, कापून टाका."
मी त्यांना हाकलून दिलं. आता तोर्तिया येत नाहीत. कुणीच येत नाही.

९ ऑक्टोबर
कपाळ. नाक. मिटलेले डोळे. गाभा निमुळता होत चाललाय, दांडा येणार. कापलं तर ती जाईल. नाही कापलं तर झाड मरेल, आणि ती— पुन्हा एकदा नाही सोसायचं मला.

१४ ऑक्टोबर
डोळे उघडे. कोयत्याला धार लावली. ठेवून दिला.

१५ ऑक्टोबर
टरफलं सगळी खाली पडलीत. नवं पान. त्यावर माझं नाव. उलटं नाही, सुलटं. म्हणजे ठसा नव्हे, कोरलंय. आतून.
एल्विराला लिहिता येत नव्हतं.
पण फेर्मीन म्हणून हाक मारणारं दुसरं कोण उरलंय मला— शिडी लावली. वही खिशात.

आत ऊब आहे. माणूस मावतो. पानं मिटताहेत, हळूहळू— हात हलत नाही नीट— करंगळी हाताला लागली. सरळ आहे. सगळी बोटं सरळ—

फटीतून दिसतंय. निकानोराबाई कोयता घेऊन शिडी चढताहेत. त्यांना मी दिसत नाही. ओरडतोय, आवाज बाहेर— बाई, कापू नका, आत मी—