नेरिडाचा पहारेकरी

४ जुलै
माझ्या बायकोला, नेरिडाला जाऊन आज सहा आठवडे. पहिल्यांदाच तिचा कॉम्प्युटर लावला. खाडीवरच्या पक्ष्यांचे आवाज टिपायची ती. प्रत्येकाच्या आधी स्वतः बोलायची — तारीख, वारा, भरती. मला पक्षी नकोत, तेवढं बोलणं हवंय.
मशीन सुरू व्हायला दहा मिनिटं. लेक टीगन फोनवर म्हणाली, "बाबा, आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी उघडा. नको ते बंद करा."

५ जुलै
ओळखीची नव्हती ती तीन नावं बंद केली. एकासमोर ढालीचं चित्र होतं. ते तर मला चोरच वाटलं. आता पटकन सुरू होतं. एकवीस पक्षी ऐकले.

९ जुलै
पार्सल अडकलंय अशी मेल आली. उघडली, तिला जोडलेली फाईलही.
सगळ्या फायलींना कुलूप. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी.

१० जुलै
टीगन लॉन्सेस्टनहून गाडी हाकत आली. यादी उघडून ढालीवर बोट ठेवलं.
"ढालवाला पहारेकरी होता, बाबा, अँटीव्हायरस. चोर शिरायच्या आत जागं व्हायचं, म्हणून मशीनबरोबरच उठतो तो."
"मला काय ठाऊक? नाव अनोळखी."
"अनोळखी म्हणजे चोर नव्हे. कोणी बनवलाय, कुठल्या फोल्डरात राहतो, ते आधी बघायचं." मग हळूच म्हणाली, "हे मीच सांगायला हवं होतं."
तिला जवळ घेतलं. दोघंही रडलो.

१४ जुलै
बर्नी गावातल्या कॉम्प्युटर-दुकानदाराला दाखवलं. कुलूप निघणार नाही. दुसरी प्रत कुठेच नाही. चारशेच्या वर आवाज गेले.
पैसे भरायचे नाहीत असं ठरवलं. तिचा आवाज असल्या माणसाच्या हातून परत घ्यायचा?

१५ जुलै
काही नाही. पाऊस.

१९ जुलै
मशीन पुसून कोरं करून आणलं. पहारेकरी परत बसवायचा तर त्याचा परवाना क्रमांक हवा. टीगनने आईच्या मेलमध्ये शोधून दिला.
परवाना नेरिडाने घेतलाय, पण माझ्या नावावर. तीन वर्षांचा. तारीख यंदाची अकरा फेब्रुवारी.
डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून तिच्या आजाराचं सांगितलं ते एप्रिलमध्ये.
अकरा फेब्रुवारीला ती एकटीच बर्नीला गेली होती. डोळे तपासायला, असं मला म्हणाली होती.